खडकाच्या पोटातील जीव आणि उपयोगाचा प्रश्न

माणूस कामाचा राहिला नाही म्हणजे त्याचे मोल कमी होते काय? प्रश्न जुनाच आहे. कोणालाही विचारा, तो चटकन म्हणेल, 'छे, छे! असे कसे होईल?' परंतु घरोघर आपण प्रत्यक्ष वागतो कसे, ते पाहू गेल्यास या 'छे, छे'त फारसा दम नाही, असे दिसून येते. मला हा प्रश्न रामदासपेठेतील आमच्या घरातच पडला, आणि त्याचा उलगडा करता करता मी जमिनीखाली जवळजवळ तीन किलोमीटर उतरून आलो. अर्थात पायांनी नव्हे, विचारांनी. वारकरी सज्जनांनी थोडे सावकाश माझ्याबरोबर यावे.

आमची आत्या आज ८८ वर्षांची आहे. हातपाय धड होते तोवर दरसाल पंढरीला जाणारी आणि आषाढी पौर्णिमेला धापेवाड्याची पायवाट न चुकविणारी बाई. दिंडीत चुलीचे काम तिच्याकडे असे. पहाटे सर्वांच्या आधी उठायचे, रात्री सर्वांच्या नंतर निजायचे. पुढे मांडीचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. घरात मंडळी वाढलेली, पाहुण्यांची ये-जा. तेव्हा तिची खाट मागच्या खोलीत गेली. नेण्याचा विचार माझाच. "आत्या, तुले तिथं निवांत पडता येईल," असे मी तिला म्हणालो. निवांतपणा नेमका कोणाला हवा होता, ते मी त्या वेळी स्वतःलाही सांगितले नाही.

एके दिवशी दुपारी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो, तर ती म्हणाली, "बाबू, आता माहा कोनाले काय उपेग हाय रे? नुसती खाऊन पडून राहाते." मी म्हणालो, "असं काय बोलते तू? तुझा आशीर्वाद हाय ना आमाले!" ती हसली. तोंडदेखले उत्तर म्हाताऱ्या माणसांना लगेच कळते.

माझा मुलगा भूगर्भशास्त्र शिकतो. मागच्या खोलीत गडबड नसते म्हणून तो वाचायला तिथेच बसतो. वाचलेले आजीला सांगायची त्याला हौस. एकदा तो तिला सांगत होता की, जमिनीखाली मैल मैल खोल, कठीण खडकाच्या बारीक भेगांत सूक्ष्म जीव राहतात. त्यांना ऊन नाही, वारा नाही, दिवस नाही, रात्र नाही. आत्याने विचारले, "अन् ते तिथं करतेत काय?" मुलगा म्हणाला, "काही नाही आजी, नुसते असतात." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नुसते असतेत? मंग त्याईले कोन इचारते?"

मी दारात उभा होतो. हा प्रश्न केवळ त्या जीवांविषयी नव्हता, हे मला समजले. आणि मी पूर्वी दिलेले उत्तर या ठिकाणी चालणार नाही, हेही समजले. खडकातला जीव कोणाला आशीर्वाद थोडाच देणार!

म्हणून मुलाची पुस्तके मीही चाळली. त्यातून जे ध्यानी आले ते सांगतो.

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सीताबर्डीची टेकडी आहे. ती काळ्या पाषाणाची. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने भूमीतून बाहेर आला आणि थरावर थर पसरून थंड झाला. नागपूरच्या पूर्वेस गेले की तो संपतो आणि खालचा फार जुना खडक उघडा पडतो. पश्चिमेस गेले की तो जाड होत होत थेट सह्याद्रीपर्यंत पोचतो. म्हणजे आम्ही नागपूरकर त्या काळ्या घोंगडीच्या काठावर बसलो आहोत. याच शहराच्या टाकळी भागात, पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे अवशेष मिळाले. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते गोळा केले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. अग्नीचा एक लोट येऊन गेला, भूमी निवली, तळी साचली, त्यांत जीव आले. पुन्हा दुसरा लोट आला. जीव किती चिकाटीने परत परत येतो, याची साक्ष अशी आमच्या दाराशीच आहे.

परंतु त्या शिंपल्यांतले जीव केव्हाच गेले. आज जिवंत असलेल्या जीवांचा शोध लागला तो घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला, कोयनेच्या खोऱ्यात.

कोयना म्हटले की वडीलधाऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. धरणात पाणी साठू लागल्यानंतर त्या भागात धक्के बसू लागले होते. त्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. लहानमोठे धक्के पुढेही चालूच राहिले. भूकंप जिथे जन्मतो तिथवर जाऊन त्याची नाडी पाहावी, या हेतूने भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने तेथे खोल बोअर घेण्याचे काम हाती घेतले. कृष्णा आणि कोयना यांचा जिथे संगम होतो त्या कऱ्हाडला यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची अनेक बोअर घेतली. नंतर गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे बोअर २०१७ साली पुरे झाले. वर काळा पाषाण आणि त्याच्या खाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक, अशी तिथली रचना आहे.

शोध चालला होता भूकंपाचा. परंतु बोअरमधून खडकाचे लांब दांडे वर येत होते, त्यांत कोणी जीव आहे काय, हे खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी पाहिले. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जीव असल्याच्या खुणा स्पष्ट मिळाल्या. नवल असे की, जसजसे खोल जावे तसतसे जीव कमी व्हावेत, असे आपल्याला वाटते. पण तसे आढळले नाही. काळ्या पाषाणात एक तऱ्हेची वस्ती, खालच्या जुन्या खडकात दुसऱ्या तऱ्हेची. त्यांतले काही जीव हायड्रोजन वायू, गंधक असल्या निर्जीव पदार्थांतून शक्ती मिळवून आपले अन्न आपण तयार करणाऱ्यांच्या जातीचे, तर काही दुसऱ्याने तयार केलेल्यावर जगणाऱ्यांच्या जातीचे. आणि एक वाढलेला असेल तिथे दुसराही वाढलेला, असा त्यांचा मेळ दिसला. दिंडीत कोणी रांधतो, कोणी वाढून घेतो, तसा हा प्रकार.

आता कोणी शंका घेईल की, एवढ्या खोलातून आणलेल्या दगडात वरचीच घाण मिसळली नसेल कशावरून? शंका अगदी रास्त आहे, आणि पहिल्याने ती शास्त्रज्ञांनीच घेतली. १९२६ साली शिकागोच्या बॅस्टिन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने तेलाच्या विहिरींतील खोल पाण्यात सूक्ष्म जीव असल्याचे सांगितले, तेव्हा पुष्कळांनी मान हलविली: हे जीव तुम्हीच यंत्राबरोबर खाली नेले असतील! पुढे कित्येक वर्षे हा विषय मागे पडला. म्हणून आता अशा कामात फार जपावे लागते. बोअर घेताना जो चिखल वापरतात त्यात ओळखू येईल असा पदार्थ मिसळून ठेवतात. दांड्याचा बाहेरचा भाग काढून टाकून आतला गाभाच तपासतात. ती खूण गाभ्यात सापडली, तर तो नमुना टाकून देतात. जे सापडले ते खरोखर तिथलेच, की मीच बरोबर नेलेले, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावयाचा, मगच तोंड उघडावयाचे, अशी ही शिस्त आहे.

ही शिस्त मला फार आवडली, आणि बोचलीही. आत्याच्या मनात निवांतपणाची इच्छा मला 'सापडली' होती. ती तिथली होती, की मीच नेलेल्या चिखलातली? गाभा तपासला असता तर उत्तर अवघड नव्हते.

याच शिस्तीने आणखी एक गोष्ट आपण टाळावी. असा शोध कानी आला म्हणजे, 'हे आमच्या संतांना आधीच ठाऊक होते,' असे सांगण्याचा मोह होतो, टाळ्याही मिळतात. संतांनी जीवमात्राविषयी जो जिव्हाळा शिकविला तो सूक्ष्मदर्शक यंत्राच्या साक्षीवाचून उभा आहे. त्यांच्या तोंडी प्रयोगशाळेचे निष्कर्ष घालणे म्हणजे आपला चिखल त्यांच्या गाभ्यात मिसळणे होय. शोध शोधकांचा, त्याचे श्रेय त्यांनाच द्यावे. आपण एवढेच पाहावे की, जो जिव्हाळा आपण मुखाने गातो, तो या नव्या पाहुण्याला पाहून आपल्या ठायी जागा होतो की नाही.

आता पाहुणा आणखी नीट पाहू. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणी फार खोल आहेत. तेथे २.८ किलोमीटर खोलीवर, सुमारे ६० अंश उष्णतेच्या पाण्यात एक जीव सापडला. त्याची हकीकत २००८ साली प्रसिद्ध झाली. त्या पाण्यात जवळजवळ तो एकटाच. दुसरी जात म्हणून नाही. खडकातील युरेनियमसारख्या द्रव्यांतून किरणे निघतात, त्यांनी पाण्याचे कण फुटतात, हायड्रोजन सुटतो, आणि त्याच्या आधारावर हा जगतो. सूर्याचे त्याच्यावर काही ऋण नाही म्हटले तरी चालेल. भूगर्भातील प्रवासावर ज्यूल व्हर्नची एक प्रसिद्ध कादंबरी आहे. तीतील लॅटिन शब्दांवरून शास्त्रज्ञांनी त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'धाडसी वाटसरू' असा होतो. वाटसरू हे नाव ऐकून आत्याला मौज वाटली. "एकटाच चालते म्हना!" ती म्हणाली.

हे जीव राहतात कसे, ते तर आणखी ऐकण्यासारखे आहे. वरच्या जगातला सूक्ष्म जीव अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात एकाचा दोन होतो. खोलातल्या कित्येक जीवांना तेवढ्यासाठी शेकडो, कदाचित हजारो वर्षे लागत असावीत, असा अंदाज आहे. मिळणारी शक्ती इतकी थोडी की, ती बहुतेक सगळी स्वतःची डागडुजी करण्यातच जाते. वाढणे, पसरणे हे फार दूर. दक्षिण प्रशांत महासागराच्या तळाखालील, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गाळातले जीव जपानी व अमेरिकी शास्त्रज्ञांनी वर आणले आणि त्यांना अन्न दिले, तर ते खाऊ लागले, वाढू लागले. ही हकीकत २०२० सालची. आणि अशा जीवांचा पसारा केवढा म्हणाल, तर २०१८ च्या अंदाजानुसार भूमीखालील या सगळ्या जीवांतील कार्बनाचे वजन १५०० ते २३०० कोटी टन भरते. जगातील सर्व माणसांच्या शरीरांतील कार्बनाच्या ते कित्येक शेपट आहे. ज्यांना आपण 'नुसते असतात' म्हणालो, त्यांच्यापुढे आपली संख्या किरकोळ ठरते.

तर मग आत्याच्या प्रश्नाकडे वळू: यांचा उपयोग काय?

पहिले उत्तर असे मिळते की, यांच्यापासून उद्या नवी औषधे निघतील, कारखान्यांना उपयोगी द्रव्ये निघतील, दुसऱ्या ग्रहांवर जीव असेल काय याचा तर्क करता येईल. हे सर्व खरे असेल. नाही असे मी म्हणत नाही. परंतु या उत्तराने त्या जीवाचे मोल आपल्या गरजेवर टांगले जाते. औषध निघाले नाही तर? तर तो जीव फुकट गेला काय? आपण आलो त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची जात आहे. आपल्या गरजेचे माप जन्मालाही आले नव्हते, तेव्हा त्याला मोल नव्हते असे म्हणायचे काय?

दुसरे उत्तर अधिक भारदस्त दिसते. ते म्हणते, सृष्टीत निरुपयोगी काहीच नाही. हे जीव गंधकाचे, कार्बनाचे फेरे फिरविण्यात आपला वाटा उचलीत असतात. हेही खरे आहे. पण बारकाईने पाहिले तर हे पहिल्याच उत्तराचे धुतलेले धोतर आहे. पूर्वी जीवाला माणसाची नोकरी होती, आता सृष्टीची. नोकरी सुटली की मोल गेले, हा हिशेब कायमच राहिला. मी आत्याला 'तुझा आशीर्वाद आहे' म्हणालो, तेव्हा नेमके हेच केले. तिचे चुलीचे काम सुटले, तर तिला आशीर्वाद देण्याचे काम लावून दिले! ती हसली याचे कारण हेच असावे.

तिसरे उत्तर मला जे वाटते ते असे: प्रश्नच आधी तपासून घ्यावा. 'उपयोग काय?' हा प्रश्न खुरप्याला शोभतो, घमेल्याला शोभतो. कारण ती वस्तू कामासाठीच घडविलेली असते. जीव कामासाठी घडविलेला नसतो. काम जीवासाठी असते. खडकातला तो वाटसरू आपल्या भेगेत स्वतःची डागडुजी करीत आहे, हेच त्याचे असणे. आणि ते असणे कोणी पाहो वा न पाहो, पुरे आहे. त्याची किंमत कोणी ठरवायची राहिली आहे, असे नाही. आपल्याला ती आताच दिसली, एवढेच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा: मग सगळे जीव सारखेच म्हणायचे? तापाचे जंतू मारावयाचे नाहीत? औषध घ्यावयाचे नाही? तसे नव्हे. मोल असणे आणि सर्वांशी एकसारखे वागणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. लेकरू तापाने फणफणले असता आई जंतूंची कीव करीत बसली, तर ती दया नव्हे, मूढपणा होय. परंतु गरज म्हणून मारणे वेगळे, आणि 'निरुपयोगी आहे, गेला तर गेला' म्हणून मारणे वेगळे. पहिल्यात निरुपाय असतो, दुसऱ्यात अहंकार.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मग कोणी काम करूच नये काय? आळशी माणसानेही म्हणावे, मी नुसता असतो! याचेही उत्तर त्या जीवांपाशीच आहे. त्यांचे 'नुसते असणे' हा आळस नव्हे. हाती आलेल्या कणभर शक्तीतला कणही न दवडता ते टिकून राहतात. आत्याचेही तसेच नाही काय? कूस बदलायला तिला पाव तास लागतो. तांब्या स्वतःच्या हाताने तोंडाला लावीन, असा तिचा हट्ट असतो. पूर्वी दिंडीतल्या शंभर माणसांच्या भाकरीला जेवढा जोर लागे, तेवढाच आता तिला एका घोटाला लागत असेल. ज्याला शक्ती आहे त्याने काम करावे. ते त्याचे कर्तव्य आहे. पण त्या कामाच्या पावतीवर त्याचे मोल लिहिलेले नसते, आणि पावती संपली म्हणून मोल संपत नाही.

येथवर बुद्धीला पटले. पण वारकऱ्याला नुसते पटून भागत नाही. पाऊल उचलावे लागते. आत्याने दोन गोष्टी विचारल्या होत्या. एक, उपयोग काय? दुसरी, त्यांना विचारतो कोण? पहिलीचे उत्तर विचाराने मिळाले. दुसरीचे उत्तर विचाराने मिळणारच नाही. ते वागण्यानेच द्यावयाचे असते. खडकातल्या जीवाला कोणी विचारले नाही तरी त्याचे काही अडत नाही. तो आपला टिकून असतो. माणसाचे तसे नाही. माणसाला कोणी विचारले नाही, तर अन्न-पाणी मिळूनही तो आतून वाळत जातो. शास्त्रज्ञ कोट्यवधी रुपये खर्चून, वर्षे घालवून तीन किलोमीटर खाली जाऊन पाहतात. आणि आम्हाला मागच्या खोलीपर्यंतची पंधरा पावले लांब वाटतात!

गेल्या महिन्यात आम्ही आत्याची खाट पुन्हा पुढच्या खोलीत आणली. हलविण्यापूर्वी या वेळी तिला विचारले. ती म्हणाली, "मले काय इचारतं, तुमचीच अडचन व्हईन." पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून 'कधी नेता?' म्हणून तीनदा विचारून झाले. अडचण होते, हे खरे आहे. पाहुणे आले की खुर्च्या हलवाव्या लागतात. तिला रात्री रस्त्यावरचे हॉर्न झोपू देत नाहीत, अशी तिची तक्रार असते, आणि ती तक्रार रास्त आहे. सगळे गोड झाले, असे मी सांगणार नाही. एवढे मात्र झाले की, 'माहा काय उपेग' हे शब्द त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकले नाहीत. तिला उपयोग सापडला म्हणून नव्हे. ती आजही पडूनच असते. बहुधा प्रश्नच उरला नाही म्हणून.

सज्जनहो, वारीत मागे पडलेल्याला आपण टाकून जात नाही. दिंडी थांबते, कोणी हात देतो, कोणी गाडीत जागा करतो. त्या वेळी कोणी विचारीत नाही की, याचा दिंडीला उपयोग काय. तीच रीत घरी आल्यावर आपण का विसरतो, एवढा विचार प्रत्येकाने करावा. आणि आपल्या घरातही एखादी मागची खोली असेल, तर हे वाचून होताच उठून तिकडे एक फेरी मारून यावी. काही काम काढून जाऊ नये. नुसते जाऊन बसावे.

राम कृष्ण हरि.